एक गाणं आणि शेजारचं घर



दिवाळीच्या आदल्या आठवड्यात निर्वाणलाडूसाठी बेसन भाजत होते. बेसन भाजणं म्हणजे हात हलता आणि मन मोकळं. लेकीनं मोबाईलवर दिवाळीची जुनी गाणी लावून दिली होती. चार-पाच गाणी झाली आणि 'लखलख चंदेरी' सुरू झालं. समूहाचे आवाज एकदम चढले आणि माझा हात थांबला. बेसनाला खाली करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. तेवढा घाणा वाया गेला, दुसरा घ्यावा लागला.

लेकीनं विचारलं, "आई, रडतेस का गं?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

धूर नव्हता. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. हातात पणतीची ताटली घेऊन आम्ही आठ मुली या गाण्यावर नाचलो होतो. माझ्या डाव्या हाताला जी उभी होती, ती आमच्या शेजारच्या घरातली. शिवाजी पेठेत आमच्या दोन घरांची भिंत एकच होती. त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडं ऐकू यायची. आमच्याकडं पहाटे णमोकार म्हटला की त्यांच्याकडं. त्यांच्याकडचा रमजानचा पहाटेचा उठाव आणि आमच्या आजीची सामायिकाची वेळ जवळजवळ एकच. तिच्या आईला मी चाची म्हणायची. संध्याकाळी त्यांच्या अंगणात सागरगोटे खेळत बसलेली दिसले की चाची आतून ओरडायची, "पोरी, दिवस बुडायला आला, घरी जाऊन जेवून ये जा!" आमच्या घरात रात्री जेवत नाहीत हे माझ्यापेक्षा तिच्या जास्त ध्यानात असायचं.

ती मैत्रीण आज कुठं आहे ते मला माहीत आहे. मिरजेत आहे. कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटर. तरी गेली कित्येक वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही. भांडण झालेलं नाही. काय झालं ते शेवटी सांगते. आधी या गाण्याची गोष्ट सांगायची आहे, कारण ती शोधत गेले तेव्हा कळलं की हे गाणंच मुळी दुरावलेल्या मित्रांच्या गोष्टीतलं आहे. आणि ती गोष्ट आपल्या कोल्हापुरातून सुरू होते.

खरी कॉर्नरचा कॅमेरा

शिवाजी पेठेतून महाद्वार रोडकडं जाताना खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आपण भाजी घेऊन त्याच्यासमोरून रोज जातो आणि वर बघत नाही. तो बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा. बाबूरावांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आणि 1917 साली कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 1920 साली 'सैरंध्री' काढला. त्या कंपनीत शिकायला आणि राबायला आलेली काही मुलं होती. विष्णुपंत दामले मूळचे पेणचे. शेख फत्तेलाल आपल्या कागलचे, उत्तम चित्रकार. केशवराव धायबर. आणि कोल्हापुरातलाच एक पोरगा, शांताराम वणकुद्रे. हेच पुढचे व्ही. शांताराम. 1901 सालचा जन्म. वडील जैन, आई हिंदू. आपल्यातल्या अनेकींना हे माहीत नसतं, मलाही नव्हतं.

शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते. त्या मंडळीचीही गंमत बघा. 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघं मित्र किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी मिळून ती काढली. काही वर्षांत टेंबे बाहेर पडले, पुढे बोडसही गेले. मंडळी राहिली, तिघांचं त्रिकूट राहिलं नाही. ज्या पोरानं कोवळ्या वयात ते घर पाहिलं, त्याच्याच वाट्याला पुढं तसंच आलं.

1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चौघांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून स्वतःची कंपनी काढली. पाचवे सीताराम कुलकर्णी, सराफी पेढीवाले. पैसा त्यांचा. कंपनीचं नाव 'प्रभात'. कामाची वाटणी घरातल्या जावांसारखी होती. दिग्दर्शन शांतारामांचं, कॅमेरा धायबरांचा, नेपथ्य फत्तेलालांचं आणि यंत्राची, पुढं आवाजाची बाजू दामल्यांची. पण अडलं तर कुणीही काहीही करायचं. दामल्यांना सगळे दामलेमामा म्हणत, फत्तेलालांना साहेबमामा. एक ब्राह्मण, एक मुसलमान. त्या दोघांची नावं पडद्यावर जोडूनच यायची, 'दामले-फत्तेलाल', जणू एकच माणूस.

आधी मूकपट काढले. मग 1932 साली 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. तो आपल्या कोल्हापुरात तयार झाला. त्यात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या आणि हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. म्हणजे एका मोडलेल्या त्रिकुटातला माणूस दुसऱ्या नव्या मित्रमंडळाला गाणी द्यायला आला.

1933 साली प्रभातनं कोल्हापूर सोडलं आणि पुण्याला बस्तान हलवलं. आज तिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुण्यात प्रभातचं सोनं झालं. 'अमृतमंथन', 'अमरज्योति', 'कुंकू', 'माणूस'. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' 1936 साली आला आणि मुंबईत वर्षभराहून जास्त चालला. व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्यासाठी शांताराम आठवले नावाच्या तरुण कवीनं एक पद लिहिलं. ते इतकं तुकोबांसारखं उतरलं की कितीतरी जण त्याला गाथेतला अभंगच समजत राहिले. आठवल्यांचं नाव लक्षात ठेवा, आपल्या गाण्याचे कवी तेच.

'शेजारी'

पण सोन्याच्या घरातही कुरबुर असतेच. आधी धायबर गेले. मग शांताराम आणि बाकीचे यांच्यात अंतर पडत गेलं. पैसा, अधिकार, कुणाचं नाव मोठं, कुणाचं खासगी आयुष्य कंपनीच्या नियमात बसतं आणि कुणाचं नाही, अशी कारणं सांगितली जातात. ती खरीखोटी ठरवायची आपल्याला गरज नाही. ज्यांच्या घरात भावाभावांची वाटणी झाली आहे त्यांना ठाऊक असतं की कारण एक कधीच नसतं.

अशा दिवसांत, जानेवारी 1941 मध्ये, शांतारामांचा 'शेजारी' आला. हिंदीत 'पडोसी'. कथा विश्राम बेडेकरांची. एका गावात दोन म्हातारे शेजारी, जिवबा पाटील आणि मिर्झा. जन्मभराची दोस्ती. गावाजवळ धरण बांधायचं असतं, त्यासाठी गाव उठवायचं असतं. हे दोघं एक आहेत तोवर गाव हलत नाही, म्हणून त्यांच्यात गैरसमज पेरला जातो. तो पिकतो. बोलणं बंद होतं. आणि शेवटी ते धरण फुटतं तेव्हा दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून त्या पाण्यात जातात.

मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत तर शांतारामांनी मुद्दाम उलटापालट केली. मझहर खान यांनी हिंदू ठाकूर केला आणि मिर्झा जागीरदारांनीच केला. मुसलमान नटानं हिंदूचं दुःख भोगायचं आणि हिंदू नटानं मुसलमानाचं. काळ लक्षात घ्या. लाहोरला मुस्लीम लीगनं वेगळ्या देशाचा ठराव केला तो मार्च 1940 मध्ये. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत हा चित्रपट पडद्यावर होता.

त्याचं संगीत मास्टर कृष्णरावांचं. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, बालगंधर्वांच्या नाटकांना चाली देणारे. शास्त्रीय गाण्यात मुरलेला हा माणूस, पण 'लखलख चंदेरी' त्यांनी सगळ्या गावानं म्हणावं असं बांधलं. एकट्याचं गाणं नाही ते. त्यात एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळून जातो, वेगळा काढता येत नाही. गोष्टीत पुढं फाटाफूट आहे हे माहीत असलं की हे गाणं ऐकताना पोटात कालवतं. माझ्या मनात येतं, दिग्दर्शकालाही येत असेल का? कारण 'शेजारी' हा शांतारामांचा प्रभातमधला शेवटचा चित्रपट ठरला. 1942 साली ते प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईला त्यांनी राजकमल कलामंदिर काढलं. दुरावलेल्या दोस्तांचा चित्रपट करणारे दोस्त तो करता करता दुरावले.

1945 साली दामलेमामा गेले. 1953 साली प्रभात बंद पडली. साहेबमामा 1964 पर्यंत होते, म्हणजे जोडनावातलं अर्धं नाव घेऊन जवळजवळ वीस वर्षं राहिले. शांतारामांचं राजकमल खूप मोठं झालं, 'दो आँखें बारह हाथ' जगभर गाजला. कुणाचं वाईट झालं असं नाही. फक्त खरी कॉर्नरजवळून निघालेली ती पोरं पुन्हा एका घरात राहिली नाहीत.

आमच्या आजोबांनी 'शेजारी' टॉकीजमध्ये पाहिला होता. संमेलनासाठी आम्ही या गाण्यावर नाच बसवतोय म्हटल्यावर त्यांनी आम्हा दोघींना कट्ट्यावर बसवून सगळी गोष्ट सांगितली होती. धरण फुटल्याचं सांगताना ते थांबले. तिनं विचारलं, "मग त्यांनी आधीच का नाही बोलून घेतलं?" आजोबा म्हणाले, "तेच तर, पोरी." तेव्हा आम्ही हसलो होतो. म्हाताऱ्या माणसांना साधी गोष्ट कशी सुचली नाही म्हणून.

गाण्यानं आजारी पडणारी माणसं

गाणं ऐकून हात थांबावा, डोळे भरावेत, हे माझंच वेड नाही. 1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं एका आजारावर प्रबंध लिहिला. परमुलखात चाकरीला गेलेले तरुण खंगत, जेवण तुटे, झोप जाई. घरी पाठवलं की बरे होत. ग्रीक भाषेतले 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून त्यानं नाव केलं, नॉस्टॅल्जिया. आपण ज्याला आज हौसेनं स्मरणरंजन म्हणतो, तो शब्द जन्मला तेव्हा रोगाचं नाव होता.

पुढं कुणाच्या तरी ध्यानात आलं की परक्या राजांच्या फौजेत असलेल्या स्विस शिपायांना हा आजार एका गाण्यानं जडतो. गाणं कसलं, तर डोंगरातले गुराखी गाई गोळा करताना म्हणतात ते. रूसो या विचारवंतानं 1768 साली छापलेल्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय की फौजेत ही धून वाजवायला सक्त बंदी होती, कारण ती ऐकून शिपाई रडत, पळून जात, मरतसुद्धा. पण रूसोनं त्यापुढं जे म्हटलंय ते मला जास्त पटलं. तो म्हणतो, त्या धुनेत स्वतःची अशी काही जादू नाही. परक्या माणसानं ऐकली तर त्याला काहीच होत नाही. ती धून संगीत म्हणून काम करत नाही, खूण म्हणून करते. पुस्तकात ठेवलेल्या मोरपिसासारखी. पान मोरपिसानं लिहिलेलं नसतं, पण ते तिथंच उघडतं.

आता मनाचा अभ्यास करणारे सांगतात की दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात सगळ्यात दाट राहतात. त्या वयातली गाणीही तशीच. म्हणून माझ्या आईला शेवटी शेवटी काल काय जेवलो आठवत नव्हतं, पण झिम्म्याची गाणी एकेका शब्दासकट आठवत होती.

झिम्म्यावरून आठवलं. मैत्री तुटण्याचा सगळ्यात जुना अनुभव आपल्याकडं बायकांचाच आहे. पुरुषांची दोस्ती तालमीत, कट्ट्यावर, पेठेतच राहायची. मुलीचं लग्न झालं की तिची गाव, घर, नाव आणि मैत्रीण एकाच दिवशी सुटायची. मग पंचमीला आणि गौरी-गणपतीला माहेरी आलेल्या पोरी झिम्मा-फुगडी घालायच्या. ते नुसते खेळ नव्हते, वर्षातून एकदा भरणारी हजेरी होती. कोण आली, कोण आली नाही, कुणाला सासरच्यांनी पाठवलं नाही, ते फेर धरल्यावर कळायचं. फेरात एक जागा रिकामी असली की हात लांबवून पुढचीचा हात धरायचा. बाकी वर्षभर जातं होतंच. पहाटे जात्यावर बसून बायका ज्या ओव्या म्हणत, त्यांत आईबाप आहेत, भाऊ आहे, विठ्ठल आहे आणि मैत्रीणही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. हातांचे कष्ट वाचले ते फार बरं झालं. पण मैत्रिणीचं नाव घेऊन पहाटे गायची जागाही त्याबरोबर गेली. आता आपल्याकडं फोन आहे. तो खिशात असतो म्हणून आपण तो करत नाही.

नीलांजनेचा नाच

आपल्या आदिपुराणात दोन प्रसंग आहेत, आणि या गाण्यानंतर मला दोन्ही आठवले.

पहिला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नाचत होती. नाचता नाचता तिचं आयुष्य संपलं. रंग मोडू नये म्हणून इंद्रानं क्षणात तशीच दुसरी नर्तकी उभी केली. सभेला पत्ता लागला नाही. एकट्या ऋषभदेवांना कळलं की ताल तोच आहे, पण नाचणारी ती नाही. तिथून त्यांचं वैराग्य सुरू झालं. लहानपणी मला वाटायचं, यात एवढं काय. आता वाटतं, आपल्या आयुष्यातही असंच होतं. फेर चालू राहतो. डाव्या हाताची मैत्रीण जाते, दुसरी येते, शाळेतली जाते, कॉलनीतली येते, भिशीतली येते. ताल चुकत नाही म्हणून आपल्याला कळतच नाही की कोण नाहीसं झालं.

दुसरा प्रसंग श्रेयांसाचा. दीक्षेनंतर ऋषभदेव आहारासाठी फिरत होते आणि मुनींना आहार कसा द्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक रत्नं आणत, हत्ती-घोडे आणत. हस्तिनापुरात राजकुमार श्रेयांसानं त्यांना पाहिलं आणि त्याला जातिस्मरण झालं. पूर्वीच्या एका भवात हे दोघं वज्रजंघ आणि श्रीमती होते आणि त्यांनी मिळून मुनींना आहार दिला होता. त्या आठवणीनं श्रेयांसाला विधी सुचला आणि त्यानं उसाचा रस दिला. तीच आपली अक्षय्य तृतीया. आता यातली बारीक गोष्ट बघा. आठवण आली म्हणून श्रेयांस रडत बसला नाही. ती आली म्हणून त्याला समोर काय करायचं ते कळलं.

जुन्या गाण्यानं डोळे भरणं हा मोहच आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही. मागचं कुरवाळत बसणं हाही परिग्रहच. पण आठवणीचा उपयोग श्रेयांसासारखाही करता येतो. तो केला नाही तर मग नुसतं बेसन करपतं.

काय झालं ते

आता माझं सांगते.

लग्नानंतर ती मिरजेला गेली, मी पेठेतच राहिले. सुरुवातीला ईदला आणि दिवाळीला येणं-जाणं होतं. मग मुलं झाली, तिच्या माहेरच्यांनी शेजारचं घर विकलं आणि गावातच दुसरीकडं राहायला गेले. भिंत एक राहिली नाही. तरी रस्त्यात चाचा भेटले की थांबायचे, लेकरांच्या हातावर काहीतरी ठेवायचे.

एका भाद्रपदात चाचा गेले. मला दुपारीच कळलं. ती मिरजेहून आली होती हेही कळलं. दशलक्षण पर्व चालू होतं, माझे उपवास होते, मंदिरात विधान होतं, माझ्याकडं काम होतं. मनात म्हटलं, पर्व संपलं की जाऊन येईन, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. पर्व संपलं. क्षमावाणी झाली. शुक्रवार पेठेत मठात गेले, भेटेल तिच्यापुढं हात जोडले. जिच्याशी वर्षभरात एक शब्द वाकडा झाला नव्हता तिचीसुद्धा क्षमा मागितली. आणि जिच्या बापाच्या मातीला मी गेले नव्हते तिच्याकडं गेले नाही. आधी उशीर झाला म्हणून. मग फार उशीर झाला म्हणून. मग आता कोणत्या तोंडानं म्हणून.

उत्तम क्षमेच्या दिवसापासून मी धर्म करत होते आणि धर्म माझ्या शेजारच्या घरात माझी वाट बघत बसला होता, हे मला दिसलं नाही. तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्या आहेत, त्यात पहिली मैत्री. सगळ्या जीवांबद्दल मैत्री. सगळ्या जीवांची गोष्ट सोपी असते हो. एका जीवाची अवघड.

दरवर्षी क्षमावाणीला मी शंभरेक जणांना एकच मजकूर पाठवते, हात जोडलेल्या चित्रासह. तिचा नंबर माझ्याकडं होता. तिला कधी पाठवला नाही, कारण तिला तो मजकूर पाठवणं म्हणजे तिचा अपमान करणं हे मला आतून कळत होतं. आणि ते कळत होतं तर स्वतः बोलायला हवं हेही कळत होतं.

दुसरा घाणा भाजून झाला, लाडू वळले. अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढवला. पाडव्याला दुपारी, घरातले सगळे झोपल्यावर, मी फोन केला. नंबर तोच होता.

तिनं आवाज ओळखला. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आलं नाही. एवढंच म्हटलं, चाचांच्या वेळी मी आले नाही. चुकलं.

ती लगेच "असू दे गं" म्हणाली नाही. ती म्हणाली, "वाट बघितली होती मी." मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मला ते बरं वाटलं, खरं सांगते. लगेच असू दे म्हणाली असती तर मी सुटले असते आणि पुन्हा विसरले असते.

मागून चाची विचारत असल्याचं ऐकू आलं, कोण आहे म्हणून. चाची आता तिच्याकडंच असते, बरंचसं विसरते म्हणे. तिनं माझं नाव सांगितलं. चाचीला नाव लागलं नाही. मग तिनं चाचीला आमच्या पेठेतल्या घराची खूण सांगितली आणि चाचीचा आवाज एकदम मोठा झाला, "दिवस बुडायच्या आत जेवणारी?"

येत्या रविवारी मिरजेला जाते आहे. लाडू वेगळे काढून ठेवलेत. सकाळच्या गाडीनं निघायचं आणि दिवस असेपर्यंत परत यायचं असं ठरवलं होतं, पण ती म्हणाली, जेवून जा, पाच वाजता ताट वाढते. कांदा-बटाटा टाळायचा तिच्या अजून ध्यानात आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कुठल्या गाण्याला हात थांबत असेल तर तेव्हाच गॅस बंद करा आणि आधी फोन करा. घाणा दुसरा घेता येतो.

जय जिनेंद्र.